फोनची स्क्रीन टीव्हीवर, वायरशिवाय: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये काय चालतं आणि काय अडतं

मासुंदा

टीव्ही फोनला दिसतच नाही, दिसला तर जोडला जात नाही, जोडला गेला तर चित्र अडखळतं. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. पण सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: राउटर बंद करून चालू करा. म्हणून हा धागा. प्रश्न विचारताना फोन कुठला, टीव्ही किंवा (टीव्हीच्या एचडीएमआयत खोचायची) स्टिक कुठली, राउटर कुठल्या खोलीत आणि मधली भिंत कसली, एवढं लिहाच. त्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंदाजपंचे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. यूट्यूबमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन लॉक करा, दुसऱ्या खोलीत न्या, चित्र चालूच राहतं. हे कास्टिंग. मिररिंगमध्ये फोन स्वतःच्या स्क्रीनचा दर क्षणी व्हिडिओ बनवून टीव्हीकडे ढकलत असतो. त्यामुळे फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि बोट फिरवल्यावर टीव्हीवर ते किंचित उशिरा दिसतं. तो उशीर बिघाड नव्हे, त्या पद्धतीतच तो आहे. टीव्हीवर गेम मोड लावला तर थोडा कमी होतो.

मिररिंगच्या वाटा तीन. मिराकास्ट: वायफाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेलं. फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने थेट बोलतात, राउटर लागत नाही, इंटरनेटही नाही. गुगल कास्ट: २०१३ च्या क्रोमकास्टपासूनचं. फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर हवेत. आणि ॲपलचं एअरप्ले: २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या बऱ्याच टीव्हींत एअरप्ले २ आतच येतं.

फोन आणि टीव्ही दोघांना एकच वाट येत असेल तरच गाडी पुढे जाते. आयफोनला मिराकास्ट येत नाही. पिक्सेललाही नाही, गुगलने ते अँड्रॉइड ६ च्या वेळीच काढून टाकलं. त्यामुळे पिक्सेलवरून फायर टीव्ही स्टिकवर स्क्रीन पाठवायला बसलात तर दिवसभर ‘डिव्हाइस सापडलं नाही’ एवढंच दिसेल. दोष दोघांतही नाही.

पारसिक

चांगला धागा. कुठे काय दाबायचं ते लिहून ठेवतो. कंपनीगणिक नाव बदलतं आणि माणसं तिथेच अडतात.

सॅमसंग फोन: वरून पट्टी खाली ओढा, ‘स्मार्ट व्ह्यू’. शाओमी, रेडमी, पोको: सेटिंग्जमध्ये ‘कनेक्शन अँड शेअरिंग’, आत ‘कास्ट’. वनप्लस, ओप्पो, रियलमी: त्याच नावाच्या विभागात ‘स्क्रीनकास्ट’. व्हिवोमध्ये ‘स्मार्ट मिररिंग’ किंवा ‘स्क्रीनकास्ट’. नाव आठवत नसेल तर सेटिंग्जच्या शोधखिडकीत ‘कास्ट’ टाका. आयफोनला कंट्रोल सेंटरमध्ये एकावर एक दोन आयतांचं चिन्ह. विंडोज लॅपटॉपला विंडोजची कळ आणि के.

टीव्हीच्या बाजूला: एलजीत ‘स्क्रीन शेअर’ नावाचं ॲप उघडून ठेवावं लागतं. फायर टीव्ही स्टिकवर होमचं बटण दाबून धरा, ‘मिररिंग’ येईल, ती स्क्रीन उघडी असतानाच फोनवरून शोधा. अँड्रॉइड टीव्ही आणि गुगल टीव्हीत कास्ट आधीपासून असतं, मिराकास्ट मात्र टीव्ही बनवणाऱ्याने वेगळं दिलं असेल तरच. अशा टीव्हीवर गुगल होम ॲप, त्यातला टीव्ही, मग ‘कास्ट माय स्क्रीन’.

सॅमसंग टीव्हीवर पहिल्यांदा जोडताना ‘परवानगी द्यायची का’ असं विचारतात. घाईत ‘नाही’ दाबलं गेलं की तो फोन नाकारलेल्यांच्या यादीत जातो आणि नंतर विचारतही नाही. एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर, तिथल्या यादीतून फोन मोकळा करा.

फोनच्या परवानग्याही बघा. आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते, अँड्रॉइड १३ पासून ‘नियरबाय डिव्हाइसेस’ची. त्याआधीच्या अँड्रॉइडवर लोकेशन बंद असेल तर शोध रिकामा येतो. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा.

घोडबंदर_२२वा_मजला

फोन रेडमी, टीव्ही अँड्रॉइड, त्यात मिराकास्टचं ॲप आहे. टीव्ही हॉलमध्ये, राउटर आतल्या बेडरूममध्ये. यूट्यूब कास्ट केलं तर झकास चालतं. मिररिंग केलं तर चित्र तुटतं, आवाज मागे पडतो. फोन टीव्हीपासून चार फुटांवर आहे आणि मिराकास्टला राउटर लागत नाही म्हणता, मग अडखळतं का?

उपवन

@घोडबंदर, प्रश्न नेमका विचारलात. उत्तर थोडं लांब आहे.

घोडबंदर रोडचे, कोलशेतचे, खारघरचे बरेच नवे टॉवर मिवान शटरिंगने बांधलेले आहेत. त्यात आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, स्लॅबसोबतच सळईसकट काँक्रीट ओतून केलेल्या असतात. नौपाड्याच्या जुन्या इमारतींत किंवा सिडकोच्या जुन्या घरांत साडेचार इंची विटेची भिंत ५ गीगाहर्ट्झचे (वायफायचा वेगवान, पण भिंतीत लवकर अडणारा पट्टा) सिग्नल बऱ्यापैकी सोडते. काँक्रीटच्या दोन भिंती मधे आल्या की ५ गीगाहर्ट्झ जवळपास संपतं. मग फोन आणि टीव्ही गुपचूप २.४ गीगाहर्ट्झवर, म्हणजे हळू पण लांब पोचणाऱ्या पट्ट्यावर उतरतात.

आता मिराकास्टचं. राउटर लागत नाही हे खरं, पण फोनमध्ये वायफायचा रेडिओ बहुतेक वेळा एकच असतो. तो एकाच वेळी राउटरलाही धरून असतो आणि टीव्हीलाही. दोन वेगळ्या चॅनलवर (पट्ट्यातल्या वेगळ्या मार्गिकांवर) राहायचं म्हणजे क्षणाक्षणाला उड्या मारायच्या, म्हणून फोन सहसा राउटरचं जे चॅनल असेल त्यावरच टीव्हीशी जोडणी करतो. म्हणजे राउटरशी तुम्ही २.४ वर असाल तर चार फुटांवरचा टीव्हीही २.४ वरच जोडला जातो, आणि तिथे वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर आधीच बोलत असतात. यूट्यूब झकास चालतं कारण टीव्ही दहा-वीस सेकंदांचा साठा आधी भरून ठेवतो. मिररिंगला साठा करताच येत नाही.

तपासायची रीत: फोनच्या वायफाय सेटिंग्जमध्ये जाऊन घरचं नेटवर्क तोडा, ‘आपोआप जोडा’ बंद करा. वायफाय मात्र चालूच राहू द्या. आता मिररिंग नव्याने सुरू करा आणि फोनमध्येच साठवलेला एखादा व्हिडिओ लावा. गुळगुळीत चाललं तर निदान पक्कं. टीव्ही तरीही राउटरला २.४ वर चिकटलेला असेल तर हीच ओढाताण त्याच्या बाजूनेही होते, म्हणून टीव्हीचंही वायफाय नेटवर्क तात्पुरतं सोडून बघा.

कायमचा उपाय म्हणजे राउटर हॉलमध्ये आणणं. फायबरचा डबा बहुधा मुख्य दारापाशीच बसवलेला असतो. तिथून कॅट ६ ची (नेटवर्कची) एक वायर टीव्हीच्या मागे आणून राउटर तिथे ठेवा आणि बेडरूमसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने जोडलेला नुसता वायफाय सोडणारा डबा, लावा. राउटर हलवायचा नसेल तर निदान टीव्हीला लॅनची वायर द्या, म्हणजे टीव्हीचा रेडिओ मिराकास्टसाठी मोकळा राहतो. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं असतं. पुरतं.

घोडबंदर_२२वा_मजला

फोनचं नेटवर्क तोडल्यावर सुरळीत चाललं. ५ गीगाहर्ट्झचं नाव हॉलमध्ये दिसतं पण टिकत नाही, म्हणजे भिंतींचंच आहे. चॅनल कुठलं ठेवू?

पामबीच

२.४ वर १, ६ आणि ११ हीच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातलं सर्वांत मोकळं घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३, ४, ८ असली मधली चॅनल घेतली की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास तुम्हाला आणि तुमचा त्यांना.

५ गीगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनल हाताने ठरवून द्या, ‘ऑटो’ नको. ५२ ते १४४ ही चॅनल रडारसोबत वाटून घ्यायची असतात. राउटरला रडारची शंका आली की त्याला ते चॅनल सोडावंच लागतं, आणि मिररिंग मध्येच तुटतं. शिवाय काही स्वस्त टीव्ही आणि स्टिकना ही चॅनल दिसतच नाहीत. राउटरचं ५ गीगाहर्ट्झचं नाव फोनला दिसतं, टीव्हीला दिसत नाही, तेव्हा पहिला संशय यावर घ्या. दुसरा संशय असा की टीव्हीत ५ गीगाहर्ट्झ मुळातच नाही. खोक्यावर नुसतं ‘वायफाय’ लिहिलेलं असतं, म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा.

राउटरवर सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए ३’ (वायफाय पासवर्डची नवी पद्धत) असेल तर जुने टीव्ही जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र ठेवा.

कळवा_खाडी

माझा मुद्दा पहिल्या तक्रारीबद्दल, टीव्ही दिसतच नाही ती. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे घरात दोन राउटर. एक फायबर कंपनीने दिलेला डबा, दुसरा विकत आणून त्याच्या मागे लावलेला. दोन्ही वायफाय सोडतात. टीव्ही एकावर, फोन दुसऱ्यावर. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण ही दोन वेगळी नेटवर्क आहेत आणि कास्टचा शोध एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही.

ओळखायचं कसं: फोनचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) आणि टीव्हीचा आयपी बघा. दोन्हीकडे नेटवर्क सेटिंग्जमध्ये लिहिलेला असतो. पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत. जिओच्या डब्यावर साधारण १९२.१६८.२९ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. टीव्हीवर तो आहे आणि फोनवर १९२.१६८.०.१०५ आहे, तर झालं निदान.

दुरुस्ती: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, राउटर पुन्हा सुरू होईल, काम फत्ते. तो पर्याय नसलेले जुने राउटर असतील तर आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या पट्ट्यातला पण वेगळा द्या, म्हणजे पहिला १९२.१६८.२९.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.२९.२. मग दुसऱ्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा. आणि पहिल्याकडून येणारी वायर दुसऱ्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येण्याच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये घाला. क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलं तर राउटरच्या पानावर परत शिरायला पत्ता हाताने भरावा लागतो.

दोन्हींचे आकडे जुळूनही दिसत नसेल तर राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (एकाच वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारा पर्याय) शोधा आणि बंद करा. गेस्ट नेटवर्कवर ते मुद्दाम चालू असतं, म्हणून टीव्ही गेस्टवर टाकू नका.

ऐरोली_पीजी

पीजीचं किंवा ऑफिसचं वायफाय असेल तर आयसोलेशन आपल्या हातात नसतं. तिथे?

पारसिक

फक्त यूट्यूब हवं असेल तर नेटवर्क एक असण्याची गरजच नाही. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘टीव्ही कोडने जोडा’ असा पर्याय आहे, तो १२ आकडी कोड देतो. फोनच्या यूट्यूबमध्ये तो टाका. मग फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतो.

अख्खी स्क्रीन हवी असेल तर मिराकास्ट. तेही नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट, त्यावर टीव्ही आणि दुसरा फोन. एकाच फोनने हॉटस्पॉटही द्यायचा आणि कास्टही करायचं, हे सगळ्या फोनवर जमत नाही. हॉटस्पॉटवर यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स टीव्हीने ओढलं तर डेटा तुमचा जातो, एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत. फोनमधलाच व्हिडिओ मिरर केला तर डेटा जवळपास लागत नाही.

नेरूळ_जिमखाना_रोड

ओटीटी ॲप मिरर केलं की आवाज येतो, चित्र काळं. यूपीआय ॲप उघडलं तरी तेच.

मासुंदा

दोन्ही मुद्दाम केलेलं आहे. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप अँड्रॉइडला सांगून ठेवतं की ही स्क्रीन कुठेही उतरवू देऊ नको. स्क्रीनशॉट निघत नाही तेही त्याचमुळे. ते तसंच असलेलं बरं. नाहीतर पिन टाकताना हॉलमधल्या सगळ्यांना दिसेल.

ओटीटीचा भाग कॉपीरक्षणाचा. त्या ॲपला फोनपासून टीव्हीपर्यंतचा अख्खा मार्ग कुलूपबंद लागतो, मिररिंगच्या मार्गात एक दुवा जरी तसा नसला की चित्र अडवलं जातं. यावर ‘उपाय’ म्हणून फिरणारी ॲप टाकू नका, त्यांना तुमच्या स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं. टीव्हीवर किंवा स्टिकवर तेच ॲप थेट लावा. मात्र प्लॅन तपासा: नेटफ्लिक्सचा फक्त-मोबाइलचा स्वस्त प्लॅन २०१९ पासून आहे आणि तो टीव्हीवर चालतच नाही. कितीही केबल बदलल्या तरी नाही.

फोटो दाखवायचे असतील तर मिररिंग नकोच. गुगल फोटोजमधलं कास्टचं चिन्ह दाबा. उभ्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या जातात.

खारघर_सोसायटी_कमिटी

क्लब हाउसमध्ये ५५ इंची टीव्ही आहे. एजीएमला हिशेबाची पानं दाखवायची आणि गणपतीत मुलांचे कार्यक्रम. हॉल पोडियमखाली, मोबाइलची रेंज नाही, इंटरनेट नाही. काय घ्यावं?

उपवन

रेंज नाही म्हणजे कास्ट बाद, त्याला इंटरनेट हवं. टीव्हीत मिराकास्ट असेल तर लॅपटॉपवर विंडोज आणि के, अँड्रॉइडवर स्क्रीनकास्ट, काम होतं. पण दीडशे माणसं खिशात वायफाय चालू ठेवून बसलेली असताना रिकाम्या हॉलमधली चाचणी ग्राह्य धरू नका.

कळवा_खाडी

इथे मी सरळ वायरच्या बाजूने बोलेन. सभेत खजिनदार उभे आहेत आणि स्क्रीन जोडली जात नाहीये, असा प्रसंग सोसायटीवर आणू नये. दहा मीटरची चांगली एचडीएमआय वायर टीव्हीपासून टेबलापर्यंत कायमची टाकून ठेवा, लॅपटॉप तिला लावा. फोन लावायचा तर यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर, पण तो घेण्याआधी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (यूएसबी-सीमधून चित्र बाहेर देण्याची सोय) आहे का ते बघा. आयफोन १५ पासून पुढे आहे, सॅमसंगच्या एस मालिकेत आहे, पिक्सेल ८ पासून आहे. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये नाही. तिथे अडॅप्टर चपखल बसतो आणि काहीच होत नाही. गोखले रोडला घ्या की वाशी सेक्टर १७ ला, दुकानात स्वतःचा फोन लावून चित्र आलेलं बघूनच पैसे द्या.

मुलांच्या कार्यक्रमांसाठी मिराकास्ट जरूर वापरा. तिथे दोन मिनिटं गेली तर कुणाचं बिघडत नाही.

सीवूड्स

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर: मिराकास्टच्या यादीत शेजाऱ्यांचे टीव्हीही दिसतात, कारण ते राउटरच्या पासवर्डवर चालत नाही. चुकून दुसऱ्याच्या टीव्हीवर आपले फोटो जाऊ शकतात. टीव्हीचं नाव बदला, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइसचं नाव’. कंपनीने दिलेलं नाव मजल्यावर चौघांचं सारखंच असतं. नावात फ्लॅट नंबर मात्र घालू नका. ‘दर वेळी विचारा’ किंवा पिन हा पर्याय असेल तर चालू ठेवा.

मिररिंगआधी फोन डू नॉट डिस्टर्बवर. व्हॉट्सॲपचे मेसेज वर सरकत येतात, पाहुण्यांना ते वाचायचे नसतात.

घरात एकाने कास्ट केलं की बाकीच्यांच्या फोनवरही थांबवा-चालवाची बटणं येतात. नको असतील तर फोनच्या गुगल सेटिंग्जमध्ये कास्टच्या पर्यायांत ‘मीडिया कंट्रोल्स’ बंद करा.

पामबीच

स्टिक वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका. बऱ्याच टीव्हींचं यूएसबी ०.५ अँपिअर देतं, स्टिकला ५ व्होल्ट १ अँपिअर लागतं. मेनू चालतो आणि मिररिंग सुरू केलं की स्टिक रीस्टार्ट होते, कारण तेव्हाच सर्वांत जास्त वीज ओढली जाते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा.

दोन, भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे स्टिक खोचली की पुढे टीव्हीचा पत्रा, मागे काँक्रीट. खोक्यात एचडीएमआयची एक आखूड एक्स्टेन्शन येते, ती फेकून देऊ नका. स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर डोकावेल अशी लटकवा. शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर ती दूर करा, तिच्यामुळे २.४ गीगाहर्ट्झवर गोंगाट होतो.

पारसिक

अजून एक, फारसं लक्षात न येणारं. टीव्हीची तारीख चुकीची असेल तर कास्ट चालत नाही, कारण जोडणीआधी सर्टिफिकेटची (उपकरण खरं असल्याच्या डिजिटल दाखल्याची) मुदत तपासली जाते. वीज जाऊन आली आणि टीव्ही २०१५ किंवा २०१८ मध्ये गेला की हे होतं. ‘तारीख-वेळ आपोआप’ चालू ठेवा.

मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे, म्हणजे २०१५ चे क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी बंद पडले ते असंच. गुगलच्या बाजूचं दहा वर्षांच्या मुदतीचं सर्टिफिकेट संपलं होतं. गुगलने अपडेट पाठवून ते सुरू केले, पण ज्यांनी घाईने फॅक्टरी रीसेट मारलं त्यांचं काम वाढलं. रीसेट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

चेंदणी

जुना, एचडीएमआय नसलेला टीव्ही आहे, लाल-पांढरी-पिवळी पिन लागतात. आईला पंढरपूरचं लाइव्ह दर्शन मोठं दिसावं आणि नातवाचा व्हिडिओ कॉलही. जमेल?

मासुंदा

जमेल. ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर घ्या. उलटा, ‘एव्ही टू एचडीएमआय’ असाही मिळतो, तो नको. दिसायला दोन्ही सारखेच, बाणाची दिशा वाचा. त्याला यूएसबीची वीज द्या, बाजूची खिटी ‘पाल’ (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत) वर ठेवा, एनटीएससीवर (अमेरिकी पद्धत) राहिली तर काही टीव्हींवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा गुंडाळत जातं. त्यात स्टिक खोचा. बारीक अक्षरं वाचता येणार नाहीत, दर्शन आणि चेहरे छान दिसतात.

दर्शनासाठी यूट्यूब थेट स्टिकवर लावा, फोन मधे नकोच. व्हिडिओ कॉल मिरर केला तर चित्र टीव्हीवर जातं, पण कॉलचा आवाज बहुतेक फोनवर फोनमधूनच येत राहतो, कारण अँड्रॉइड बोलण्याचा आवाज मिररिंगमध्ये पाठवत नाही. तेव्हा फोन स्पीकरवर ठेवा. ब्लूटूथ स्पीकर लावणार असाल तर फोन ५ गीगाहर्ट्झवर असलेला बरा, ब्लूटूथ २.४ वरच चालतं. आणि फोन स्टँडवर टीव्हीच्या शेजारी, आईंच्या डोळ्यांच्या उंचीला आडवा ठेवा. कॅमेरा फोनचाच असतो. तो हातात राहिला तर आई टीव्हीकडे बघतात आणि नातवाला त्यांचा फक्त कान दिसतो.

चेंदणी

कळलं. कन्व्हर्टरची वीज टीव्हीच्या यूएसबीतून नाही, सॉकेटमधूनच घ्यायची ना?

पामबीच

जुन्या टीव्हीला यूएसबी असेलच असं नाही. दोन यूएसबीचा एक अडॅप्टर घ्या, प्रत्येक पोर्ट किमान १ अँपिअरचं. एकात स्टिक, दुसऱ्यात कन्व्हर्टर.